बाहेरून मॅट्रिक : शालान्त परीक्षेच्या अनेक वाटा

‘सतरा नंबरचा फॉर्म भरला’ असे कोणी म्हटले, की महाराष्ट्रात पुढचे काही सांगावे लागत नाही. शाळा मध्येच सुटली आणि आता दहावीला बाहेरून बसायचे आहे, एवढा सगळा अर्थ त्या एका आकड्यात येतो. ‘बाहेरून’ या शब्दात थोडी कीवही असते. खरे विद्यार्थी आतले, उरलेले बाहेरचे. इतिहास मात्र नेमका उलट आहे. आजची दहावी ज्या परीक्षेची वारसदार आहे, त्या परीक्षेच्या लेखी आरंभी सगळेच विद्यार्थी बाहेरचे होते.

या धाग्यात त्या परीक्षेची, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या सरळ, आडव्या, बंद पडलेल्या वाटांची हकीकत आहे.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात विद्यापीठे काढण्याचे ठरले, तेव्हा नमुना म्हणून ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज घेतले गेले नाही. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. १८३६ मध्ये सनद मिळालेले हे विद्यापीठ शिकवीत नसे, परीक्षा घेत असे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी तीन विद्यापीठे निघाली, तीही अशीच परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी मंडळे होती. पुढच्याच वर्षी लंडन विद्यापीठाने नव्या सनदेनुसार, कोणत्याही कॉलेजात न गेलेल्यांनाही परीक्षेची दारे उघडली. हा तपशील लक्षात ठेवावा. जोतीराव फुल्यांच्या निवेदनापाशी त्याची पुन्हा गरज पडेल.

मॅट्रिक्युलेशन या शब्दाचा मूळ अर्थ विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे. म्हणजे ही शाळा संपल्याची परीक्षा नव्हतीच, ती विद्यापीठात शिरण्याची परीक्षा होती. पण सरकारी कचेऱ्यांना कारकून हवे होते, शाळांना मास्तर हवे होते, आणि उमेदवाराची पारख करण्याचे दुसरे साधन कोणाजवळ नव्हते. त्यामुळे कॉलेजचे तोंडही न पाहणारे हजारो तरुण कॉलेजची प्रवेशपरीक्षा देऊ लागले. प्रवेशाच्या परीक्षेलाच शिक्षण पुरे झाल्याचा दाखला मानण्याची ही सवय आपल्याकडे अशी लागली. अमेरिकेत हायस्कूलचा डिप्लोमा शाळा आपल्या हाताने देते, आणि शाळा सुटलेल्यांसाठी बाहेरची परीक्षा तिथे १९४२ मध्ये, युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या निमित्ताने आली. आपल्याकडे क्रम उलटा होता. बाहेरची परीक्षा आधी आली, आणि शाळा तिच्याभोवती वाढल्या.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. सव्वाशेहून अधिक मुले बसली आणि वीस-बावीसच उत्तीर्ण झाली. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे होते. हे चौघे १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. एका परीक्षेच्या एका निकालात पुढच्या अर्धशतकाचा महाराष्ट्र असा एकवटलेला क्वचितच दिसतो.

पण मॅट्रिक हा डोंगराचा वरचा टप्पा होता. त्याच्या खाली मराठी शाळांची एक वेगळी शिडी होती, आणि गावोगावच्या बहुसंख्य मुलांना तीच ठाऊक होती. मराठी सहावी उत्तीर्ण होऊन सरकारी नोकरीची परीक्षा दिली, की प्राथमिक शाळेत शिक्षक होता येई. पुढे या शिडीची अखेरची पायरी व्हर्नाक्युलर फायनल या नावाने स्थिरावली. ‘फायनल पास’ म्हणजे मराठी सातवी. इंग्रजीचा गंध नसला तरी चालेल. जुन्या घरांतल्या कागदपत्रांत ‘व्ह. फा.’ ही अक्षरे दिसली, तर त्या माणसाने ही वाट चढलेली आहे असे समजावे. त्या वाटेवरून मॅट्रिककडे जाता येत नसे असे नाही, पण इंग्रजीचा आरंभ पुन्हा मुळाक्षरांपासून करावा लागे आणि तोवर वय निघून जाई.

ही शिडी चढणे म्हणजे काय होते, हे धोंडो केशव कर्वे यांच्या अनुभवावरून कळते. १८७५ साली कर्व्यांना मराठी सहावीनंतरची ती परीक्षा द्यायची होती. राहणे कोकणात, मुरुडला. परीक्षेची जवळची केंद्रे दोनच, मुंबई आणि सातारा. पावसाळी दिवसांत समुद्रमार्ग बंद. तेव्हा कर्वे आणि त्यांचे सोबती कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्यास निघाले. अंतर सुमारे ११० मैल. चार दिवस चालून ही मुले साताऱ्यास पोहोचली. परीक्षेस बसण्यासाठी वयाची १७ वर्षे पुरी असणे आवश्यक होते, आणि कर्व्यांची ती पुरी झाली होती. पण अंगकाठी लहानखुरी. हा मुलगा सतराचा दिसत नाही, असे परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी ठरवले आणि त्यांना बसू दिले नाही. पेपर समोर येण्याआधीच परीक्षा संपली.

पुढच्या वर्षी कर्वे कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाले. नंतर त्यांनी इंग्रजीची वाट धरली आणि १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून मॅट्रिक झाले. त्यांच्याहून सोळा वर्षांनी मोठे असलेले रानडे सतराव्या वर्षीच मॅट्रिक झाले होते. बुद्धीच्या तुलनेचा इथे प्रश्न नाही. एकाला कोल्हापूर आणि मुंबईच्या शाळा लाभल्या, दुसऱ्याला परीक्षेचे केंद्र गाठण्यासाठी सह्याद्री ओलांडावा लागला.

१८८२ मध्ये सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्या आयोगापुढे जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी दिलेले निवेदन प्रसिद्ध आहे. शेतकऱ्यांच्या करातून गोळा होणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, हा त्यातला मुख्य मुद्दा सर्वांना ठाऊक असतो. त्याच निवेदनातली एक छोटी मागणी मात्र सहसा कोणी उद्धृत करीत नाही.

खासगीरीत्या अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना मुंबई विद्यापीठ प्रवेशपरीक्षेस, म्हणजे मॅट्रिकला, बसू देते हा मोठा उपकार आहे, असे फुल्यांनी तिथे म्हटले आहे. आणि पुढे मागितले आहे, की हीच सवलत वरच्या परीक्षांनाही द्यावी. घरी अभ्यास करून बी. ए. आणि एम. ए. होता येऊ द्यावे. तसे झाले, तर कितीतरी तरुण आपला वेळ खासगी अभ्यासात घालवतील.

या मागणीचे वजन तिच्या जागेमुळे वाढते. हे लिहिणाऱ्याने १८५५ मध्ये सावित्रीबाईंसह पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबणाऱ्या माणसाला शाळेच्या वेळा पाळता येत नाहीत, हे त्यांना कोणाच्या अहवालातून कळलेले नव्हते. लंडनने १८५८ मध्ये जी दारे उघडली, त्यांचा खरा उपयोग कोणाला होईल हे त्यांनी अचूक हेरले होते. परीक्षा उमेदवाराला एवढेच विचारते, की तुला येते का. कोणत्या बाकावर बसून शिकलास, शेजारी कोण होते, दिवसा कोणाच्या शेतात होतास, हे ती विचारत नाही. शाळा मात्र हे सारे विचारत होती.

मॅट्रिकच्या एकाच मापाने सर्वांना मोजणे चुकीचे आहे, हे हंटर आयोगालाही जाणवले होते. हायस्कूलच्या वरच्या टप्प्यावर दोन शाखा कराव्यात, एक विद्यापीठाकडे नेणारी आणि दुसरी व्यापारउदीम व इतर व्यावहारिक कामांकडे नेणारी, अशी शिफारस त्याने केली. नोकरीपुरती म्हणून स्कूल फायनलची परीक्षा निघाली ती या विचारातून. तिला मॅट्रिकची प्रतिष्ठा कधीच आली नाही. लग्नाच्या बैठकीत मुलगा ‘मॅट्रिक’ असणे ही एक गोष्ट, स्कूल फायनल असणे ही दुसरी.

स्त्रियांची वाट आणखी अरुंद होती. विद्यापीठाच्या नियमांत उमेदवाराचा उल्लेख पुल्लिंगी होता, आणि त्या व्याकरणाच्या आधारे बायकांना बाहेर ठेवणे सोपे होते. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये हा अडसर काढला आणि पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश धरावा असे ठरवले. नियम बदलला, पण मॅट्रिकपर्यंत शिकवील अशी मुलींची शाळा कुठे होती? १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, जे पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच्या संस्थापकांत रानडे, भांडारकर आणि मोडक होते. १८५९ च्या निकालातली हीच नावे पंचवीस वर्षांनी दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करताना दिसतात. या शाळेने मुलींना इंग्रजी आणि मुलांच्याच तोडीचा अभ्यासक्रम शिकवावा, याला टिळकांच्या वृत्तपत्रांनी कडाडून विरोध केला. तो वाद वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. मुलींनी वाचायला शिकावे यावर फारसे भांडण उरलेले नव्हते. भांडण होते ते त्यांनी मॅट्रिकच्या दिशेने जावे की नाही यावर.

कर्व्यांनी या कोंडीतून वेगळीच वाट काढली. मुली मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेपर्यंत पोहोचत नसतील, तर विद्यापीठच त्यांच्यासाठी वेगळे काढू. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयीची पुस्तिका वाचनात आल्यावर त्यांची कल्पना पक्की झाली, आणि १९१६ मध्ये भारतीय महिला विद्यापीठ उभे राहिले. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून. प्रवेशपरीक्षाही स्वतःची. आरंभी विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि आईच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले. पैसा आला, विद्यार्थिनी वाढल्या, पण सरकारी मान्यता येईना. १९५१ मध्ये त्याला वैधानिक दर्जा मिळाला. म्हणजे पस्तीस वर्षे तिथल्या मुली शिकत होत्या, परीक्षा देत होत्या, पदव्या घेत होत्या, आणि त्या पदवीकडे बघायचे की नाही हे समोरच्याच्या मर्जीवर होते. साताऱ्यास वयाचा नियम पाळूनही परत पाठवलेल्या मुलाने उभे केलेले हे विद्यापीठ. त्याच्या वाट्याला पुन्हा तोच अनुभव आला.

राष्ट्रीय शाळांचीही हीच गत झाली, फक्त अधिक कठोरपणे. वंगभंगाच्या चळवळीनंतर प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी काढलेले समर्थ विद्यालय तळेगावी मराठीतून आणि उद्योगासह शिक्षण देत होते. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. १९२१ मध्ये, असहकाराच्या काळात, पुण्यास टिळक विद्यापीठ निघाले आणि सरकारी शाळा सोडलेल्यांना स्वतःच्या परीक्षा व पदव्या देऊ लागले. या परीक्षा देणाऱ्यांना ठाऊक होते, की हा कागद कोणत्याही कचेरीत चालणार नाही. तरीही त्यांनी तो घेतला. मॅट्रिकच्या इतिहासात ज्यांनी मॅट्रिक जाणूनबुजून नाकारले, त्यांचीही एक ओळ असली पाहिजे.

सरळ वाटेने गेलेल्यांची वाटही सर्वांना सारखी नव्हती. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांचे अभिनंदन करण्यासाठी सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हा प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो. त्यामागची एक गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. आंबेडकरांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत हवी होती; ती अस्पृश्य म्हणून नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. विद्यापीठाच्या परीक्षेत संस्कृतचा पेपर कोणत्याही जातीच्या उमेदवाराला खुला होता. बंद होता तो शाळेतला वर्ग. फुल्यांना परीक्षा आणि शाळा यांतला जो फरक दिसला होता, तो इथे पुन्हा दिसतो.

मराठी मुलुख तेव्हा एका विद्यापीठाच्या छत्राखाली नव्हताच. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे १९१८ नंतर उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला उच्च शिक्षणाचा उंबरा उर्दूतून ओलांडावा लागे. गोव्यात पोर्तुगीजांनी १८५४ मध्ये पणजीस लिसेव काढले होते. पण पोर्तुगीज दाखल्याने मुंबईत नोकरी मिळत नसल्याने गोव्यातल्या खासगी इंग्रजी शाळा मुलांना मुंबईच्या मॅट्रिकसाठी तयार करीत. दुसऱ्या सत्तेच्या मुलखात राहून मुंबईची परीक्षा देणारे हे विद्यार्थी खऱ्या अर्थाने बाहेरून बसलेले होते.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून गेली. १९४८ च्या कायद्याने मुंबई राज्यात शालान्त परीक्षेसाठी वेगळे मंडळ आले आणि मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावरही विभागांच्या परीक्षा काही काळ वेगळ्या राहिल्या. १९६५ च्या कायद्याने त्या एकत्र आल्या आणि १ जानेवारी १९६६ रोजी पुण्यास राज्य मंडळ स्थापन झाले. १९७५ मध्ये दहावीची पहिली तुकडी परीक्षेस बसली आणि जुनी अकरावीची मॅट्रिक इतिहासजमा झाली. नाव मात्र गेले नाही. खेड्यापाड्यांत ‘पोरगा मॅट्रिकला आहे’ हे वाक्य त्यानंतरही कित्येक वर्षे ऐकू येई, आणि ‘नॉन-मॅट्रिक’ हा शिक्काही.

आता परीक्षा शाळा संपल्याचीच होती. साहजिकच शाळेत नसलेल्यांचे काय, हा प्रश्न अधिक टोकदार झाला. त्याचे मंडळाने दिलेले उत्तर म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. वयाची १४ वर्षे पूर्ण, किमान पाचवी उत्तीर्ण आणि शाळा सुटलेली, एवढ्या आधारावर दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. पेपर तोच, प्रमाणपत्र देणारे मंडळ तेच. गिरणगावातल्या रात्रशाळांत शिकून परीक्षा देणाऱ्या कामगारांची गोष्ट याच जातीची. त्यांचा वर्ग दिवे लागल्यावर भरे, पण उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ते कळायची सोय नव्हती. हीच त्या वाटेची ताकद होती. व्हर्नाक्युलर फायनल, स्कूल फायनल, महिला विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा या वेगळ्या दारांवर वेगळ्या पाट्या होत्या आणि त्या पाट्या दाखल्यावरही उमटत. बाहेरून बसलेल्याच्या हाती मात्र इतरांच्या तोलाचाच कागद पडे.

मुक्त विद्यालयाची वाट दिल्लीहून आली. केंद्रीय माध्यमिक मंडळाने १९७९ मध्ये प्रयोग म्हणून सुरू केलेल्या या योजनेतून १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वतंत्र संस्था झाली, आणि २००२ पासून ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखली जाते. विषय आपल्या सोयीने निवडावेत, एकेक करून सोडवावेत आणि उत्तीर्ण झालेले विषय खात्यावर जमा राहावेत, ही तिची रीत. एका बैठकीत सगळे विषय सोडवण्याच्या मॅट्रिकच्या परंपरेला हा मोठाच छेद होता.

२०२१ मध्ये एक अपूर्व गोष्ट घडली. महामारीमुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाचे ५०, दहावीतल्या वर्षभराच्या मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंचे २० असे गुण धरून शाळांनी निकाल तयार केले, आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. समाजमाध्यमांवर त्या तुकडीची पुष्कळ टिंगल झाली. पण १८५९ पासूनच्या या इतिहासात शाळेच्या शब्दावर दाखला मिळण्याचा प्रसंग पहिल्यांदाच आला होता, आणि टिंगल करणाऱ्यांचा राग बहुधा त्याचाच होता. शिक्षकाने वर्षभर पाहिलेल्या मुलापेक्षा तीन तासांत अनोळखी परीक्षकाने पाहिलेली उत्तरपत्रिका आपल्याला अधिक खरी वाटते.

आता फुल्यांच्या त्या मागणीकडे. घरी अभ्यास करून पदवी मिळावी हे मागणे १८८२ चे. विसाव्या शतकात विद्यापीठांनी बहिःस्थ विद्यार्थ्यांना परीक्षा खुल्या केल्या, पण त्यासाठीही आधीचे दाखले लागत. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याने त्याही पुढचे पाऊल टाकले. दहावी-बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम ठेवला. तो पूर्ण करावा आणि थेट पदवीच्या पहिल्या वर्षाला बसावे. मागणी आणि हे विद्यापीठ यांत १०७ वर्षांचे अंतर आहे.

या वाटेवर शेतकरी, हमाल, गृहिणी, पोलीस शिपाई असे नाना प्रकारचे लोक आले. त्यांतल्या कित्येकांना पदवी मिळाली. मात्र पूर्वतयारी ही बारावीची समकक्ष परीक्षा नव्हे. ती त्या विद्यापीठाच्या प्रवेशापुरती आहे. त्यामुळे पदवी हाती असलेल्या उमेदवाराने एखाद्या भरतीचा अर्ज उघडला आणि त्यात दहावी, बारावी आणि पदवी असे तीन रकाने असले, तर पहिले दोन त्याला आजही कोरे सोडावे लागतात.